धुळ्याला सम, जळगावला विषम

जळगावहून धुळ्याला मी आजवर शेकडो वेळा गेलो असेन, पण दरवेळी एस.टी.नं. एरंडोल, पारोळा, धुळे! त्यामुळे पुतण्यानं संगणकावर विमान चालवण्याचा खेळ बसवून दिला आणि "काका, पहिलं उड्डाण कुठं?" म्हणून विचारलं, तेव्हा लंडन-पॅरिस सोडून मी धुळं सांगितलं. अनोळखी वाहनातून माणसानं निदान ओळखीच्या गावाला तरी जावं.

विमान छोटं, चार जणांचं, सेसना. आराखड्यात मी ऐटीत उंची भरली : ५,५०० फूट. खेळानं न विचारता ती ६,५०० केली. मी पुन्हा ५,५००. त्यानं पुन्हा ६,५००. उभा जन्म कचेरीत गेल्यामुळे, कारण न देता केलेल्या खाडाखोडीची मला सवय आहे. गप्प बसलो. परतीच्या आराखड्यात शहाण्यासारखे ६,५०० भरले, तर पठ्ठ्यानं त्याचे ५,५०० केले!

"तुझा हा खेळ बिघडला रे भो!"

"बिघडला नाही काका. धुळं पश्चिमेला ना?"

मग उलगडा झाला. होकायंत्रावर ० ते १७९ अंश, म्हणजे पूर्वेच्या अर्ध्या भागात जाणाऱ्यानं विषम हजार घ्यायचे. १८० ते ३५९ वाल्यानं सम. डोळ्यांनी बघत उडणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्यात वर ५०० मिळवायचे. पारोळ्याच्या रस्त्यावर समोरून ट्रक आला तर आपण डावी बाजू धरतो. आकाशात डावी बाजू आखायची कुठं? म्हणून तिथं वरची-खालची बाजू असते. जाणारा आणि येणारा यांच्यात हजार फूट राहतात.

वाटेत वळण आलं तरी हेच. जळगावहून छत्रपती संभाजीनगरावरून हैदराबादला निघालात, तर आधी थोडं नैर्ऋत्येला, म्हणजे सम; पुढे आग्नेयेला, म्हणजे विषम. मोठ्या विमानाची तऱ्हा आणखी निराळी. मुंबईहून लंडनला निघताना पोटात इतकं इंधन असतं की एकदम फार वर चढणं परवडत नाही. इंधन जळेल तसं अंग हलकं होतं आणि ते पायरी-पायरीनं चढतं : ३२,०००, मग ३४,०००, मग ३६,०००. सणाचं जेवण झाल्यावर आपणही जिना असाच चढतो.

आता परीक्षण. या खेळातले ढग सुरेख, सातपुडा ओळखू येतो, इंजिनाचा आवाज शेजाऱ्यांना पटण्याइतका खरा. पण उंची बदलताना तो एक ओळ लिहीत नाही : "पश्चिमेला चाललात, म्हणून सम." त्याचं बरोबर असतं, आणि तरीही आपल्याला तो बिघडलेला वाटतो. न सांगितलेला नियम म्हणजे लहर. आणि लहर माणूस झुगारून देतो. मीही दोनदा झुगारलीच की!

पण हे हजार फूट लहरीचे नाहीत. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीजवळ दिल्लीहून निघालेलं सौदी विमान आणि दिल्लीकडे येणारं कझाक विमान एकाच वाटेवर समोरासमोर आली. नियंत्रकानं एकाला १४,००० फूट दिले होते, दुसऱ्याला १५,०००. कझाक विमान आपली उंची सोडून खाली आलं. ३४९ माणसं गेली.

तेव्हापासून मी धुळ्याला सम जातो, जळगावला विषम येतो आणि हुज्जत घालत नाही. गोंदूरच्या धावपट्टीवर मात्र अजून एकदाही धड उतरलेलो नाही. त्यात खेळाचा दोष नाही. एस.टी.त ते काम ड्रायव्हर करायचा.