प्रणययाचना आणि तिचें उत्तर

इंग्रजीच्या तासाला प्रणयगीत निघालें कीं शिक्षकांची वाणी बहुधा वृत्त आणि अलंकार यांच्या आश्रयास जाते. कवितेंत कोणी कोणाकडे कांहीं मागत आहे, आणि जिच्याकडे मागणें चाललें आहे तिलाही मन आहे, ही गोष्ट तेवढी अनुच्चारित राहते. समोर बसलेलीं मुलें मात्र नेमकी तीच गोष्ट समजून घेण्याच्या वयाचीं असतात. या संकोचास सभ्यता म्हणण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें तो अध्यापनांतील दोष आहे.

उदाहरणार्थ, ख्रिस्तोफर मार्लो याचें मेंढपाळाचें गीत घ्या. कवि १५९३ सालीं वारला. गीत १६०० सालच्या 'इंग्लंड्स हेलिकॉन' या संग्रहांत आलें. मेंढपाळ प्रियेस गुलाबांची शय्या, मऊ लोकरीचा झगा, सोन्याच्या बकलांचे जोडे देऊं करतो. नाद इतका गोड, आणि देणग्यांची माळ इतकी भरभर पुढें सरकते कीं, मेंढपाळाच्या घरीं सोनें आलें कोठून, हें विचारण्यास अवकाशच राहत नाहीं. या गीताची मोहिनी ती हीच, आणि त्यांतील उणीवही हीच. जिला हें सारें सांगितलें जातें, ती अखेरपर्यंत मुकी आहे.

पण त्याच संग्रहांत या गीताचें उत्तरही छापलेलें आहे. तें सर वॉल्टर रॅले याचें म्हणून प्रसिद्ध आहे. उत्तर देणारी तरुणी प्रेमाचा धिक्कार करीत नाहीं. फुलें सुकतात, वस्त्रें विरतात, शब्द विसरले जातात. तारुण्य टिकतें, तर आपण आलों असतों, एवढेंच ती म्हणते. आयझॅक वॉल्टन यानें १६५३ सालच्या मासेमारीवरील आपल्या ग्रंथांत पहिलें गीत गवळ्याच्या मुलीकडून व उत्तर तिच्या आईकडून गाववलें आहे. या योजनेंत जें मर्म आहे, तें कित्येक टीकाग्रंथांतही सांपडणार नाहीं.

तथापि हें उत्तरही पुरुषानेंच लिहिलेलें, हें विसरूं नये. म्हणून या दोहोंच्या जोडीला क्रिस्टिना रोझेटी हिची जॉन नांवाच्या याचकास नकार देणारी कविता वाचावी. ती १८६२ सालीं प्रसिद्ध झाली. येथें नायिका रडत नाहीं कीं रागावत नाहीं. आपण कधींही वचन दिलें नव्हतें, हें ती स्पष्ट सांगते आणि मैत्रीचा हात मात्र पुढें करते. नकारांतही सौजन्य असूं शकतें, हें एकादा तरुण येथें शिकेल, तर त्या तासाचें सार्थक झालें.

अशा कवितांनीं मुलें बिघडतील, अशी भीति कांहीं पालकांस वाटते. आम्हांस वाटतें, केवळ याचनाच ऐकणारीं मुलें अधिक बिघडतात. मुलास आपण मागितलें म्हणजे मिळालेंच पाहिजे असें वाटूं लागतें, आणि मुलीस गप्प राहणें हाच धर्म वाटूं लागतो. आपल्या प्राचीन गाथासप्तशतींत प्रेमाविषयीं स्त्रिया किती मोकळेपणें बोलतात! तेव्हां स्त्रीचें उत्तर ऐकणें हा कांहीं परकी संस्कार नव्हे. शिक्षकानें याचना शिकविली, तर तिचें उत्तरही त्याच तासांत शिकवावें.