दिलाशाचे वाचन : एका वर्षाचा हिशेब

मराठी समीक्षेत ‘दिलासा देणारे पुस्तक’ ही फारशी इज्जतीची गोष्ट मानली जात नाही. पुस्तकाने वाचकाला अस्वस्थ करावे, त्याची झोप उडवावी, अशी आपली अपेक्षा असते. ग्रामीण, दलित आणि त्यांच्या पाठोपाठ मुस्लिम मराठी साहित्याच्या चळवळीने ही अपेक्षा अधिक धारदार केली, आणि ते योग्यच झाले. ज्यांचे जगणे साहित्यात आलेच नव्हते त्यांनी आधी साक्ष द्यायची असते. पण साक्ष देणारा माणूसही संध्याकाळी घरी येतो, चहा मागतो आणि रात्री उशाशी एखादे पुस्तक ठेवतो. ते पुस्तक कोणते, आणि तेच का, हा प्रश्न आपल्या परिसंवादांत सहसा कुणी विचारत नाही.

गेले वर्ष मी अशाच पुस्तकांना दिले. घरात लांबलेले आजारपण होते, बाहेर रोजच्या बातम्या होत्या. नवे काही हाती घेण्याची उमेद नव्हती, म्हणून ओळखीची पुस्तके पुन्हा काढली. ‘दिलासा’ हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि इथलाच होऊन राहिला. त्यात ‘दिल’ आहे. तेव्हा दिलाला नेमके कशाने बरे वाटते, हे वर्षाअखेरीस तपासून पाहणे हे समीक्षेचेच काम आहे, असे मला वाटते.

सुरुवात अपेक्षेच्या उलट झाली. उर्दू वाचणाऱ्या आपल्या घरांत नसीम हिजाजींच्या (१९१४–१९९६) कादंबऱ्या दोन-तीन पिढ्यांनी वाचल्या आहेत. ‘मुहम्मद बिन कासिम’, ‘शाहीन’, ‘आखरी चट्टान’ ही नावे घेतली की आजही वयस्क मंडळींचे डोळे चमकतात. घोडे, तलवारी, निष्कलंक नायक, आणि शेवटी पराभव झालाच तर तो गद्दारांमुळे. दोन कादंबऱ्या मी सलग वाचल्या. वाचताना छाती फुगते. पुस्तक मिटले की खोली पूर्वीपेक्षा लहान वाटू लागते. ग्रानाडा आपल्या हातून कसे गेले याचे दुःख करता करता आपल्या मोहल्ल्यातली तुंबलेली गटार दिसेनाशी होते. हा गौरवाचा दिलासा. मराठीतल्या पुष्कळशा ऐतिहासिक कादंबऱ्यांनी बहुसंख्य वाचकाला हाच माल पुरवला आहे, फक्त घोड्यावरचा स्वार बदलला. अशा दिलाशाला नेहमी एक शत्रू लागतो. शत्रू नसेल तर तो चालतच नाही.

मग गालिबची पत्रे काढली. ‘ऊद-ए-हिंदी’ १८६८ मध्ये निघाले आणि ‘उर्दू-ए-मुअल्ला’ १८६९ मध्ये, गालिबच्या निधनानंतर लगेच. या पत्रांतला मोठा भाग १८५७ नंतरच्या दिल्लीतून लिहिलेला आहे. शहर उजाड झाले होते. मुसलमानांना शहरात परतण्यावर दीर्घकाळ बंदी होती. पेन्शन बंद पडली होती, ती १८६० मध्ये पुन्हा सुरू झाली. मानसिक आजार असलेला धाकटा भाऊ मिर्झा यूसुफ त्याच धामधुमीत गेला. कितीतरी मित्र मारले गेले किंवा परागंदा झाले. मुन्शी हरगोपाल तफ्ता, मीर मेहदी मजरूह अशा दूर असलेल्या दोस्तांशी आणि शागिर्दांशी गालिब पत्रांतून गप्पा मारत राहिला. लिहिण्याचे त्याने बोलणे करून टाकले.

या पत्रांत गौरव शोधून सापडत नाही. उधारी आहे, दुखणी आहेत, पावसात गळणारे छप्पर आहे, शराबची तंगी आहे आणि स्वतःचीच टिंगल आहे. तरीही वाचून होते तेव्हा मन हलके झालेले असते. याचे कारण असे की गालिब काहीच लपवत नाही. शहर संपले हे तो सांगतो, आणि त्याच कागदावर दोस्ताला विचारतो की पत्र का नाही आले. सगळे गेल्यावरही कुणाच्या तरी पत्राची वाट पाहता येते, हे त्याच्याकडून कळते. हिजाजी आपल्याला सिंहासनावर बसवतात. गालिब बाजेवर शेजारी जागा करून देतो. याला मी सोबतीचा दिलासा म्हणतो.

१८५७ ची एक झळ नाशिकजवळच्या जलालपुरातही पोहोचली होती. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध) तिथूनच सुरू होतात. आजोबांना १८५७ च्या बंडात फाशी झाली आणि त्या धसक्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. साऱ्या घराने त्या धुण्या-शिंपडण्यात दिवस काढले. लक्ष्मीबाई हे सांगतात ते हसत हसत. पुढे पती नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, नंतर त्यांच्याकडे परतल्या आणि कालांतराने स्वतःही ख्रिस्ती झाल्या.

आज धर्मांतर हा शब्द कायद्याच्या कलमांत आणि मोर्च्यांच्या घोषणांत ऐकू येतो. मुसलमान वाचकाच्या कानाला तो आरोपासारखा लागतो. ‘स्मृतिचित्रां’त तो स्वयंपाकघरात येतो. कुणाच्या हातचे पाणी प्यायचे, चूल वेगळी मांडायची की एक, नवऱ्यावर माया आहे पण त्याच्या ताटात जेवायचे कसे. एवढे मोठे वादळ त्या बाईने भांड्याकुंड्यांच्या भाषेत सांगितले, कुणालाही खलनायक न करता. दुसऱ्या कुणाच्या घरातली ही उलथापालथ मला का शांत करते, याचा मी बराच विचार केला. धर्माचा प्रश्न अखेरीस माणसांनी एकमेकांशी निभावून नेण्याचा असतो, याची ती मराठीतली पक्की साक्ष आहे. म्हणजे साक्ष आणि दिलासा एकाच पुस्तकात नांदू शकतात.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चा (१९५५) अनुभव अधिक गुंतागुंतीचा आहे. मास्तर, कारभारी, मेंढरे, उभी राहिलेली तालीम आणि शेवटी दुष्काळाने ओस पडलेले गाव. राम देशमुखांनी १९५८ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद केला तेव्हा नाव दिले ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’. भिंती नसलेले गाव. त्या गावात चावडीवर मास्तरांच्या सोबतीला आयबू आहे. मुसलमान आहे म्हणून लेखक त्याचा सत्कार करत नाही, की त्याच्याकडे संशयाने पाहत नाही. तो आहे, बस्स. शाळेच्या दिवसांपासून आपल्यापैकी अनेकांनी मनातल्या मनात आयबूचा हात धरला असेल.

पण या वर्षीच्या वाचनात एक खटका लागला. आयबूला त्या कादंबरीत किती जागा आहे? तो मास्तरांच्या आयुष्याच्या कडेला आहे. त्याचे स्वतःचे घर, त्याची ईद, त्याच्या मनातली भीती किंवा हाव आपल्याला भेटत नाही. हा माडगूळकरांचा दोष म्हणता येणार नाही. त्यांना मास्तरांची गोष्ट सांगायची होती आणि ती त्यांनी अस्सल सांगितली. प्रश्न आपल्या कृतज्ञतेचा आहे. एवढ्याशा जागेने आपण इतके सुखावतो, याचा अर्थ आपल्याला किती कमी मिळत आले, असा होतो. चावडीवरची वळकटी हा दिलासा खराच, पण तो पाहुण्याचा.

यजमानाचा दिलासा मला केरळात मिळाला. वैकम मुहम्मद बशीर यांची ‘पात्तुम्माची शेळी’ ही छोटी कादंबरी १९५९ मध्ये मल्याळममध्ये प्रसिद्ध झाली. ती मानसिक आजारावरच्या उपचारांच्या काळात लिहिली, असे बशीर यांनीच प्रस्तावनेत सांगितले आहे. मी ती आर. ई. अॅशर यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचतो. थकलेला लेखक विश्रांतीसाठी घरी येतो. घरात आई, भाऊ, भावजया, बहिणी, पोरे, कोंबड्या. प्रत्येकाला याच्याकडून पैसे हवेत. बहीण पात्तुम्मा रोज सकाळी मुलीला आणि शेळीला घेऊन हजर होते, आणि घरातल्या बायका तिच्या शेळीचे दूध तिच्या नकळत काढून घेतात. शेळी तर लेखकाची छापील पुस्तकेही खाऊन टाकते. वाङ्मयाची याहून प्रामाणिक समीक्षा मी वाचलेली नाही.

या घरात दारिद्र्य आहे, लबाडी आहे, कटकट आहे. कुणी इस्लाम समजावून सांगत नाही. मुसलमानही माणूसच असतो, असे कुणी पटवून देत नाही. तशी गरजच लेखकाला वाटलेली नाही. वाचणाऱ्याने उंबरठ्याबाहेर चपला काढाव्यात आणि जागा मिळेल तिथे बसावे. दिलासा इथे पूर्ण होतो.

घरी परतलेल्या माणसाची एक कादंबरी आपल्या मराठीतही आहे. हमीद दलवाई यांची ‘इंधन’ (१९६५). तिचाही निवेदक बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी येतो. त्याच्या वाट्याला शेळी येत नाही. जुनी नाती कशी एकेक करून पेट घेतात, हे त्याला पाहावे लागते. ‘इंधन’ मी या वर्षीही वाचली, पण दिवसा वाचली. तिला उशाशी ठेवता येत नाही, आणि ठेवता येऊ नये अशीच ती लिहिली आहे. तिचे मोल त्यातच आहे.

वर्षाचा हिशेब मांडताना मात्र ही दोन पुस्तके शेजारी ठेवून मी थबकतो. माझ्या यादीत मुसलमान घराचे हसणे मल्याळममधून इंग्रजीमार्गे आले, आणि मराठीतून आले ते त्याचे जळणे. दोन्ही खरे आहे. पण ज्या घरात दखनी-मराठीची सरमिसळ बोलली जाते, जिथे आजी पोथीतल्या ओव्याही गुणगुणते आणि फजरची नमाजही चुकवत नाही, जिथे शीरखुर्म्याची वाटी कुणाकडे आधी पाठवायची यावरून भावजया दिवसभर अबोला धरतात, ते घर मराठीत ऐसपैस मांडून बसलेले मला अजून हवे आहे.

आपल्या लेखकांवर यात ठपका नाही. ज्याच्याकडे सतत ओळखपत्र मागितले जाते त्याला गप्पा मारायला सवड कुठून मिळणार? लिहायला बसले की समोर एक अदृश्य पंच बसलेला असतो, आणि लेखक त्याला खुलासे देऊ लागतो. बशीरसमोर असा पंच नव्हता, किंवा असला तर त्याचे कागद शेळीने खाल्ले असावेत. गालिबसमोर तर एक अख्खी सल्तनत संपली होती, तरी तो दोस्ताशीच बोलला.

तरुण लेखकांना एवढेच सुचवावेसे वाटते. ‘इंधन’ची परंपरा सोडू नका, तिची गरज संपलेली नाही. मात्र एखादे पुस्तक कुणालाही खुलासा न देता लिहून पाहा. कोपऱ्यातल्या आजारी माणसाला रात्री कुणीतरी ते वाचून दाखवावे, आणि त्याने मध्येच थांबवून म्हणावे, ‘‘हे तर आपल्या फुफूचंच घर आहे.’’ त्या पुस्तकासाठी माझ्या उशाशी जागा रिकामी आहे.