नंदनवनाच्या कुंपणापाशी

‘स्टार ट्रेक’चे जनक जीन रॉडनबेरी यांनी रंगविलेला चोविसाव्या शतकातील पृथ्वीवासी भूक, दारिद्र्य आणि पैसा यांच्या पलीकडे गेलेला आहे. रॉडनबेरी १९९१ मध्ये निवर्तले. पुढे १९९३ ते १९९९ या काळात आलेल्या ‘डीप स्पेस नाइन’ या अमेरिकन मालिकेने त्या चित्राची मागील बाजू दाखविली, आणि म्हणूनच आम्ही तिला या कुळातील सर्वांत प्रौढ कृती मानतो.

१९९४ मधील एका दोन भागांच्या कथेत ग्रहांच्या महासंघाने शेजारच्या कार्डेशियन सत्तेशी केलेल्या तहाचे परिणाम दिसतात. नव्या सीमारेषेमुळे काही वसाहती पलीकडे पडल्या आहेत आणि तेथील माणसे शस्त्र उचलू लागली आहेत. पृथ्वीवरील अधिकाऱ्यांना हे उमगत नाही. त्यांचे सौजन्य हे त्यांच्या सुखाचे अपत्य आहे, हे अंतराळस्थानकाचा प्रमुख सिस्को मात्र ओळखतो. (कागदावर रेषा सरकली की घरात काय होते, हे आमच्या बेळगावकर वाचकांना वेगळे सांगावयास नको.)

मालिकेचा कळस १९९८ मधील ‘इन द पेल मूनलाइट’ हा भाग. डोमिनियनशी चाललेले युद्ध हरत आले आहे. दर शुक्रवारी हताहतांची यादी लावणारा सिस्को, तटस्थ रोम्युलनांना युद्धात ओढण्यासाठी खोटा पुरावा तयार करवितो. त्यांचा सिनेटर लबाडी ओळखतो. तेव्हा गॅरॅक हा शिंपी, पूर्वाश्रमीचा हेर, त्याचे यान स्फोटात उडवितो. पुरावा बनविणाराही मारला जातो. डाव फसता, तर ही सरळ नीतिकथा झाली असती. पण तो साधतो, रोम्युलन युद्धात उतरतात, आणि सारी हकिगत रोजनिशीत सांगून झाल्यावर सिस्को ती नोंद पुसून टाकतो.

याच वर्षी मालिकेत अवतरलेले ‘सेक्शन ३१’ हे गुप्त खाते अधिक गाजले. २०२५ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. आम्हांस ती कल्पना दुबळी वाटते. त्या खात्याच्या माथी पाप मारले की नंदनवन पुन्हा निष्कलंक ठरते. सिस्कोच्या बाबतीत ही पळवाट नाही. तो गणवेशात आहे, वरिष्ठांची संमती त्याच्यापाशी आहे, आणि कट त्याच्याच कार्यालयात शिजतो.