पुण्याच्या पेठांचे इतिहास व बुधवारांतील एक रस्ता

पुण्याच्या पेठांविषयींचें वाङ्मय थोडें नाहीं. नारायण विष्णु जोशी यांचें 'पुणें शहराचें वर्णन' १८६८ सालीं निघालें. १८८५ सालीं मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुण्यासंबंधींचा तिसरा भाग प्रसिद्ध झाला व त्यांत पेठवार माहिती आली. पुढें स्मरणिका, उत्सवांचे अंक व वृत्तपत्रांतील लेखमाला यांची भर पडत गेली, ती अद्याप थांबलेली नाहीं. हें सर्व वाचून आमच्या मनांत जो असंतोष राहतो, तो येथें मांडावयाचा आहे. या लेखनांत वाडे दिसतात, देवळें दिसतात; रस्त्यावर राहणारा माणूस क्वचितच दिसतो. त्याचे कागद नाहींत म्हणून असें झालें नाहीं. त्या कागदांस इतिहासाचे कागद म्हणून कोणी लेखीत नाहीं, म्हणून झालें.

उदाहरणासाठीं बुधवार चौकाकडून तांबड्या जोगेश्वरीवरून अप्पा बळवंत चौकाकडे येणारा रस्ता घेऊं. आज हा पुस्तकांच्या दुकानांचा रस्ता म्हणून विद्यार्थ्यांस ठाऊक आहे.

प्रथम पेठेच्या नांवाचीच गोष्ट पहा. बुधवार पेठ औरंगजेबानें वसविली व तिचें नांव मुहियाबाद ठेविलें, असें बहुतेक लेखक लिहितात. सन मात्र कोणी १६९० देतो, कोणी १७०३. वस्तुतः सिंहगड हातीं आल्यावर बादशहाची छावणी पुण्यास पडली ती १७०३ सालीं. त्याच मुक्कामांत कामबक्षाचा पुत्र, म्हणजे बादशहाचा नातू, मुहि-उल-मिल्लत वारला व त्याच्या स्मरणार्थ हें नांव पडलें. तेव्हां नांवाचें कारण १७०३ चें आणि नांव १६९० चें, असें होऊं शकत नाहीं. शिवाय तें नांव एका पेठेस दिलें कीं सगळ्या पुण्यास, हाही प्रश्न उरतोच. एकाचा सन आणि दुसऱ्याचें कारण घेऊन एकच वाक्य करणारे लेखक दोन्ही आधार उघडून पाहत नाहींत, एवढेंच यावरून दिसतें.

दुसरी गोष्ट चौकाच्या नांवाची. अप्पा बळवंत म्हणजे कृष्णाजी बळवंत मेहेंदळे. पानिपतच्या मुख्य युद्धापूर्वीं डिसेंबर १७६० च्या चकमकींत पडलेल्या बळवंतरावांचे चिरंजीव. पर्वतीहून परततांना सवाई माधवराव घेरी येऊन हत्तीवरून पडत होते, मागें बसलेल्या अप्पांनीं त्यांस सावरलें, म्हणून त्या जागेस त्यांचें नांव दिलें, अशी कथा सांगतात. कथा रम्य आहे. पण ती छापणारे सहसा तिथिवाराचा कागद पुढें करीत नाहींत. पुण्यांतील चौक, बोळ व हौद यांस जवळच्या घरधन्याचें नांव पडण्याची रीत इतकी सार्वत्रिक आहे कीं येथें वेगळें कारण शोधण्याची गरज आम्हांस भासत नाहीं. आमचा तर्क असा कीं, ऑक्टोबर १७९५ मध्यें हेच पेशवे शनिवारवाड्यांत वरून पडून निवर्तले, त्या घटनेची छाया मागें पडून ही बचावाची कथा बनली असावी. हा तर्कच आहे. विरुद्ध कागद कोणी दाखविल्यास तो आम्ही आनंदानें मागें घेऊं.

गॅझेटिअरला दोष देणें अन्यायाचें होईल. तें राज्यकारभारासाठीं केलेलें काम होतें आणि त्या हेतूस तें पुरें पडतें. दोष आहे तो त्यांतील मोठ्या वाड्यांची यादी हाच पेठेचा इतिहास, असें धरून चालणाऱ्या पुढील लेखकांचा. वाडा म्हणजे केवळ धनी नव्हे. दिंडीजवळच्या खणांत दुकानदार, मागच्या चौकांत बिऱ्हाडें, माडीवर शिकण्यास आलेले विद्यार्थी, अशी वस्ती एका छपराखालीं असे. धन्याचें नांव दारावर राहिलें, बाकीचे गेले.

भिडे वाडा हें याचें ठळक उदाहरण. तात्यासाहेब भिडे यांच्या या वाड्यांत १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली. वाडा धन्याच्या नांवानें ओळखला गेला. त्याचें महत्त्व मात्र तेथें शिकविणाऱ्यांमुळें व शिकणाऱ्यांमुळें. दीर्घ न्यायालयीन वादानंतर स्मारकासाठीं तो डिसेंबर २०२३ मध्यें पाडण्यांत आला. स्मारकास आमचा विरोध नाहीं. पण त्या निमित्तानें झालेल्या विपुल लेखनांत याच बुधवार पेठेंतील अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्याचा उल्लेख किती थोडा आला! ३ जुलै १८५१ रोजीं मुलींची शाळा तेथें सुरू झाली, त्याच वर्षीं सप्टेंबरांत रास्ता पेठेंत दुसरी व मार्च १८५२ मध्यें वेताळ पेठेंत तिसरी. एका वास्तूवर सगळी दृष्टि खिळली कीं शेजारचें घर दिसत नाहीं.

आणखी एक मौन आहे. बुधवार व शुक्रवार पेठांतील कलावंतिणींच्या वस्तीविषयीं आमचे लेखक एक तर चटकदार लिहितात किंवा मुळींच लिहीत नाहींत. पेशवाईच्या हिशेबांत नाचगाण्याच्या बिदागीच्या नोंदी आहेत. त्या स्त्रियाही या पेठांच्या रहिवासीच होत्या.

मग रस्त्याचा इतिहास लिहावा कसा? आमच्या मतें त्याची किल्ली खरेदीखतें व गहाणखतें यांतील चतुःसीमेंत आहे. पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस तमक्याची पडवी, दक्षिणेस बोळ, उत्तरेस सरकारी रस्ता, या चार ओळी लेखकानें केवळ जागा निश्चित करण्यासाठीं लिहिल्या. पण तीं खतें ओळीनें लावलीं म्हणजे घराला घर लागत जातें, आणि ज्यांनीं स्वतः कधीं कागद केला नाहीं असे शिंपी, कासार, तेली शेजाऱ्याच्या कागदांत सांपडतात. घरांच्या खरेदीविक्रीची नोंद ठेवणें हें पुण्याच्या कोतवालाचें एक काम होतें. पेठ वसवितांना शेटे-महाजनांस दिलेले कौलही आहेत. पेशवे दफ्तरांतून गो. स. सरदेसाई यांनीं १९३० नंतर ४५ खंड निवडून छापले, तें कार्य थोर. पण निवड अर्थातच राजकारणाकडे झुकलेली होती. घरांचे कागद रुमालांतच राहिले. बाळकृष्ण गोविंद गोखले यांनीं १९८८ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत अठराव्या शतकांतील पुण्याच्या नागरिक जीवनाकडे लक्ष दिलें. तशी दृष्टि एकेका रस्त्यापुरती लावणारा कोणी हवा.

येथें संग्राहकांशीं आमचें थोडें भांडण आहे. वाडा पाडावयास निघाला कीं माळ्यावरचें दफ्तर बोहाऱ्याकडे किंवा रद्दीवाल्याकडे जातें. तेथून संग्राहक शिक्क्याची सनद उचलतो, मोडींतलें साधें गहाणखत टाकतो. कित्येक जण इंग्रजी अमदानींतील खतांवरचा मुद्रांकाचा वरचा भाग तेवढा कापून घेतात व मजकूर टाकून देतात. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानें नदीकांठच्या पेठांतील किती तरी घरें कागदांसह नेलीं. त्या वेळीं कोणाचा इलाज नव्हता. कात्री मात्र आपल्या हातांत असते. ज्यांच्या संग्रहांत बुधवार पेठेंतील कोणतेंही खत असेल, मग तें फाटकें असो वा बिनशिक्क्याचें, त्यांनीं निदान त्यांतील चतुःसीमेची नक्कल या त्रैमासिकाकडे पाठवावी. मूळ कागद ज्याचा त्याजपाशीं राहील.