वेंगुर्ल्याचे खडक आणि पदरमोडीचे संशोधन

पक्षिशास्त्रीय वाङ्मयाचे परीक्षण करताना आपण बहुधा निष्कर्षांची सत्यासत्यता पाहतो. ते निष्कर्ष कोणाच्या खर्चाने निघाले, हा प्रश्न गौण मानतो. वस्तुतः कोणता प्रश्न विचारला जावा आणि कोणता अनुत्तरित राहावा, हे पुष्कळदा द्रव्यबळावरच ठरते. वेंगुर्ल्यासमोरील समुद्रातल्या खडकांविषयी जे लेखन झाले आहे, ते या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

या निर्मनुष्य खडकांवर सुरय जातीचे सागरी पक्षी वीण घालतात आणि तेथील गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेची घरटी बांधतात. ॲलन ह्यूम हे १८७५ च्या आरंभी या किनाऱ्याने गेले व त्यांनी आपला वृत्तान्त 'स्ट्रे फेदर्स' या स्वतः चालविलेल्या नियतकालिकात १८७६ मध्ये दिला. त्यानंतर हुमायुन अब्दुलअली यांचे लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९४० व १९४२ साली आले. मधला काळ साठ वर्षांहून अधिक! पुढेही अभ्यासक तेथे गेले, याद्या निघाल्या. या लेखनातील निरीक्षणांची बारकाई निःसंशय प्रशंसनीय आहे. तथापि हे सारे वाङ्मय भेटींचे आहे, मालिकेचे नाही. अमुक दिवशी काय दिसले, हे त्यावरून कळते. वसाहत वाढत आहे की खचत आहे, हे कळत नाही.

हा दोष लेखकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. सुरयांची वीण पावसाळ्याच्या तोंडावर येते आणि समुद्र खवळला म्हणजे खडकावर उतरणे अशक्य होते. होडी, तांडेल, मदतनीस आणि वाया जाणारे दिवस या सर्वांचा खर्च एकट्या हौशी अभ्यासकाने दरसाल सोसावा, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

येथे एका लोकप्रिय समजुतीचा समाचार घेणे प्राप्त आहे. सलीम अली यांच्या 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' (१९८५) या आत्मचरित्राचा दाखला देऊन, खऱ्या संशोधकास पैशाची गरज नसते, असे सुचविले जाते. जर्मनीहून परतल्यावर निधीअभावी त्यांची संग्रहालयातील जागा गेली. मग १९३० मध्ये अलिबागजवळील किहीम येथे राहून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पसंत करते आणि मग तोच नर दुसऱ्या मादीसाठी नव्याने विणू लागतो, हा उलगडा त्यातून झाला. वाचकास ती आपत्ती इष्टापत्तीच वाटते. परंतु किहीमची वसाहत निवासस्थानाजवळ होती आणि तिने उपस्थित केलेला प्रश्न एका हंगामात सुटणारा होता. हेच सलीम अली १९३१ मध्ये हैदराबाद संस्थानच्या पक्षिसर्वेक्षणास निघाले, तेव्हा त्यांनी श्रमाचे मोल मागितले नाही. पण तळाचा व प्रवासाचा खर्च मात्र संस्थानाने करावा अशी अट घातली. अभ्यासक्षेत्र दारापलीकडे गेले की निरिच्छपणा पुरत नाही, हे त्याच आत्मचरित्रातून सिद्ध होते.

पैसा मिळाला तरी तो स्वतःचा हेतू घेऊन येतो, ही दुसरी अडचण. १९५७ मध्ये क्यासनूरच्या जंगलातील रोगाचा विषाणू आढळला. पक्षी असे रोग वाहून नेतात काय, या शंकेमुळे १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांना कडी घालण्यात आली. विज्ञानाचा लाभ झालाच. पण चिंता रोगाची होती, पक्ष्याची नव्हे.

याउलट वेल्समधील स्कोमर बेटाचे उदाहरण पाहावे. तेथे टिम बर्कहेड यांनी १९७२ पासून गिलेमॉट या सागरी पक्ष्याची अखंड नोंद ठेवली. हा पक्षी दीर्घायुषी असून दरसाल एकच अंडे घालतो; म्हणून आजच्या अपयशाचे परिणाम कित्येक वर्षांनी दिसतात. २०१४ च्या आरंभी वादळांनी हजारो सागरी पक्षी मेले आणि त्याच वर्षी या अभ्यासाचे सुमारे बारा हजार पौंडांचे वार्षिक शासकीय साहाय्य थांबले. अखेर बर्कहेड यांना लोकवर्गणीचे आवाहन करावे लागले व लोकांनी ती दिली. चाळीस वर्षांची मालिका अशी थोडक्यात वाचली. तेथे निदान तुटण्याजोगी मालिका होती. वेंगुर्ल्यास ती सुरूच झालेली नाही.

आपली अनुदाने आणि शिष्यवृत्त्या तीन ते पाच वर्षांत संपतात. त्या अवधीत प्रबंध पूर्ण होतो, पण सुरयाची एक पिढीदेखील पुरती हाती लागत नाही. यास्तव नव्या शोधाची हमी न मागणारे, अल्प परंतु निरंतर अनुदान हवे. आणि ते व्यक्तीस नव्हे, विभागास मिळावे, म्हणजे अभ्यासक बदलला तरी नोंदवही बंद पडणार नाही.

नाशिककरांनी हा प्रश्न कोकणचा म्हणून सोडू नये. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूर मधमेश्वर २०२० मध्ये रामसर यादीत आले. तेथे बंधाऱ्यावर उभे राहून पक्षी मोजता येतात. होडी लागत नाही, वादळाची भीती नाही. जेथे खर्च इतका अल्प आहे, तेथे आपल्या विभागाने दरसाल ठराविक दिवशी, ठराविक पद्धतीने तीस वर्षे पुरेल अशी नोंदवही उघडावी. एवढे ज्यांच्याने होणार नाही, त्यांना वेंगुर्ल्याच्या खडकांसाठी शासनाकडे द्रव्य मागण्याचा अधिकार पोचत नाही.