परका प्रेक्षक आणि प्रयोगाची स्मृती

परदेशी रंगमंचावर मिळालेली दाद हे एखाद्या प्रयोगाच्या गुणवत्तेचे प्रमाण मानण्याची सवय मराठी नाट्यसमीक्षेला जडलेली आहे. ही दाद नेमकी कशाला मिळते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

या संदर्भात मेइ लानफांग या चिनी नटाचे उदाहरण उद्बोधक आहे. 1930 मध्ये त्याने अमेरिकेचा दौरा केला. तेथील प्रेक्षकांसाठी निवडक, आटोपशीर प्रवेशांचे कार्यक्रम बांधले गेले आणि इंग्रजीतून परिचय देण्याची व्यवस्था झाली. पोमोना कॉलेज व दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. अमेरिकी प्रेक्षकाला त्याच्यात पुरातन, कालातीत चीन दिसला. पण त्याच काळात खुद्द चीनमध्ये जुन्या रंगभूमीविषयी तीव्र वाद चालू होता आणि लू शूनसारखा लेखक मेइवर उपरोधाने लिहीत होता. दौऱ्यात कला पोहोचली. तिच्याभोवतीचा वाद मागे राहिला.

1935 मध्ये मॉस्कोत ब्रेख्तने मेइला पाहिले आणि चिनी अभिनयातील दुराव्याच्या परिणामाविषयी आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. येथे एक शंका उपस्थित होते. ज्या प्रेक्षकाला ते संकेत बालपणापासून परिचित आहेत, त्याला त्यांतून दुरावा कसा जाणवावा? ब्रेख्तला जाणवलेला दुरावा काही अंशी नटाच्या तंत्रातला, तर काही अंशी पाहणाऱ्याच्या परकेपणातला होता, असे म्हणावे लागते.

हाच निकष 'घाशीराम कोतवाल'ला लावून पाहता येईल. विजय तेंडुलकरांचे हे नाटक जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली डिसेंबर 1972 मध्ये पुण्यात रंगमंचावर आले. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांचे नृत्यदिग्दर्शन हे त्याचे केवळ अलंकार नव्हेत. भजनाची लय लावणीत सरकते, तेव्हा नाटकाचा अर्थ तेथेच घडतो. प्रस्तुत लेखक दिघीत राहतो. ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून पुण्याकडे जाताना याच वाटेने जाते. ज्याच्या कानांत दिंडीचा टाळ मुरलेला आहे, त्याला रंगमंचावरील त्या भजनाने अस्वस्थ वाटते. कारण आपलेच काहीतरी तेथे परके झालेले असते. परक्या प्रेक्षकाला मात्र सारेच आरंभापासून अनोळखी. जेथे ओळख नाही, तेथे दुरावा निर्माण होण्यास जागाच उरत नाही. उरते ते मानवी पडद्याचे देखणे हलणे.

म्हणूनच 1980 च्या युरोप दौऱ्याच्या वेळी घडलेला प्रसंग महत्त्वाचा ठरतो. दौऱ्याला विरोध झाला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि नाटक म्हणजे इतिहास नव्हे अशा आशयाचे निवेदन प्रयोगापूर्वी करण्याची तडजोड झाली. त्या निवेदनाकडे आपण कलास्वातंत्र्यावरील आघात म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. हे नाटक कोणाला तरी झोंबते, ही गोष्ट परक्या प्रेक्षकाला त्या निवेदनातूनच कळण्याची शक्यता होती. विरोधकांनी नकळत प्रयोगाला त्याचा संदर्भ परत दिला.

याचा अर्थ परका प्रेक्षक निरुपयोगी असा नव्हे. ब्रेख्तचे अपुरे आकलन फलदायी ठरले, आणि त्याची रंगदृष्टी पुढे 'अजब न्याय वर्तुळाचा', 'तीन पैशाचा तमाशा' यांसारख्या रूपांतरांतून मराठीत आली. चुकीच्या वाचनातूनही नवी निर्मिती होऊ शकते. मात्र निर्मात्याला जी मोकळीक असते, ती समीक्षकाला नसते. टाळ्यांची नोंद करून थांबण्याऐवजी, प्रवासात प्रयोगाची कोणती स्मृती गळून पडली हे सांगणे त्याचे काम आहे. ते टाळले, तर आपणही आपल्याच रंगभूमीकडे परक्याच्या नजरेने पाहू लागू, आणि तो दुरावा ब्रेख्तला अभिप्रेत असलेला नसेल.