कामगार-पुढाऱ्याच्या चरित्राचा उत्तरार्ध

मराठी चरित्रवाङ्मयांत संत, सेनापति आणि समाजसुधारक यांची वर्दळ पुष्कळ आहे. कामगार-पुढारी मात्र तेथें अद्याप पाहुण्यासारखाच वावरतो. त्याचें चरित्र कोणी लिहिलेंच, तर तें बहुधा एका ठराविक साच्यांतून निघतें. बालपणींचें दारिद्र्य, पहिला संप, पोलिसांची लाठी, तुरुंग, आणि अखेर निवडणुकींतील विजय. हा विजय पदरांत पडला कीं चरित्रकाराची लेखणी सैल पडते व पुढील पंचवीस वर्षें चार पानांत आटोपतात. आमच्या मतें खरें चरित्र तेथूनच सुरू होतें. आणि हें आमचें म्हणणें पडताळून पाहावयास सोलापुरासारखें दुसरें गांव नाहीं.

पूर्वार्धाची सामग्री या शहरास भरपूर लाभलेली आहे. १९३० च्या मे महिन्यांत येथें लष्करी कायदा पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजीं ज्या चौघांना फांशीं देण्यांत आलें, त्यांतील कुर्बान हुसेन हे गिरणी-कामगारांत वावरणारे पत्रकार होते. परंतु हुतात्म्याचें चरित्र लिहिणें त्या मानानें सोपें; त्याची आकृति मृत्यूनेंच पुरी करून ठेवलेली असते. ज्याला जगावें लागतें, मतें मागावीं लागतात आणि मंत्र्यांच्या दारीं अर्ज घेऊन बसावें लागतें, त्याचें काय करावयाचें?

नरसय्या आडम, सोलापूरकरांचे 'आडम मास्तर', यांचें आयुष्य हाच प्रश्न चरित्रकारापुढें टाकतें. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे हे पुढारी १९७८, १९९५ व २००४ असे तीनदां विधानसभेवर निवडून गेले. त्यांच्या कार्यांतील सर्वांत विलक्षण भाग विडी-कामगार स्त्रियांचा. तेंदूपान व तंबाखू घरीं आणून, हजारावर मजुरी ठरवून विड्या वळणाऱ्या या बाईला ना गिरणीचा भोंगा, ना गिरणीचें फाटक. संप करून तिनें बसावें तरी कोणाच्या दारांत? तिचें घर तोच तिचा कारखाना. तेव्हां तिच्या संघटनेची मागणी मजुरीवरून निघून अखेर घरावर येऊन ठेपली, यांत नवल तें काय? २००६ सालीं कुंभारी येथें दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्तें ती या स्त्रियांच्या स्वाधीन झाली.

तिला नांव देण्यांत आलें गोदूताई परुळेकर यांचें. आणि वाङ्मयाच्या अभ्यासकानें येथें क्षणभर थांबलें पाहिजे. गोदावरी परुळेकर यांचें 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) हें पुस्तक या विषयावरील मराठींतील सर्वोत्तम लेखन होय, असें आम्ही निःशंकपणें म्हणूं. १९४५ च्या टिटवाळा परिषदेपासून उसळलेला वारल्यांचा लढा त्यांत आहे. वेठ आहे, लग्नगडी आहे. त्याची थोरवी ही कीं, लेखिका आपलें पुढारीपण मिरवीत नाहीं. वारली बोलतो आणि ती ऐकते. तथापि त्या ग्रंथाचें एक भाग्य विसरतां येत नाहीं. तो जागृतीची कथा सांगतो; जागें झाल्यावर कचेरींत खेटे घालण्याचा काळ त्याच्या वांट्यास फारसा आला नाहीं. कुंभारीच्या कथेंत मात्र हे खेटेच मुख्य आहेत. मंजुरी, हप्ता, जमिनीचा सात-बारा, यांतून रस काढणें हें मोर्चाच्या वर्णनाहून किती तरी अवघड! आमचे लेखक त्याला 'रुक्ष तपशील' म्हणून वगळतात, आणि पुढाऱ्याच्या आयुष्याचा मोठा भाग त्याबरोबर वगळला जातो.

आतां २०१९ चा प्रसंग घ्या. तीस हजार घरांच्या रे-नगर योजनेच्या पायाभरणीस पंतप्रधान नरेंद्र मोदी जानेवारींत सोलापुरास आले. व्यासपीठावरून आडमांनीं त्यांची प्रशंसा केली, आणि पक्षानें त्यांना केंद्रीय समितींतून तीन महिने निलंबित केलें. पुढें १९ जानेवारी २०२४ रोजीं त्यांपैकीं पंधरा हजार घरें मोदींच्याच हस्तें देण्यांत आलीं. भक्त चरित्रकार हा प्रसंग झांकील, विरोधक त्यावर टाळ्या पिटील. दोघेही माणसाला मारतील. ज्या शासनाशीं भांडावयाचें त्याच्याच हातून घर घ्यावयाचें, आणि घेतांना सौजन्याचे दोन शब्द बोलावयाचे कीं नाहीं? पक्षाची शिस्त खोटी नव्हे, आणि वीटमातीचें घरही खोटें नव्हे. हा पेंच ज्याला दिसत नाहीं त्यानें कादंबरीच्याही वांट्यास जाऊं नये.

दुसरा पेंच मतपेटींतला. हजारों कुटुंबांना घरें मिळवून देणारा हा पुढारी २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ या चारही निवडणुकांत सोलापूर शहर मध्य या मतदारसंघांत पराभूत झाला. कृतघ्नता म्हणून हात झटकणें सोपें आहे. पण कुंभारी शहराबाहेर आहे. घर मिळालेलें कुटुंब शहर सोडून तिकडे गेलें, तर त्याच्या मतानें कोठें पडावें? चरित्रकारानें मतदार-याद्या उघडून बसावें. आणि एक गोष्ट. पूर्व भागांतील कित्येक घरांत तेलुगु बोलली जाते. घोषणा मराठींत दिली तरी गाऱ्हाणें तेलुगूंत मांडलें जातें. तें गाऱ्हाणें ज्याच्या कानीं पडलें नाहीं, त्याचें पुस्तक कितीही जाड झालें तरी त्यांत व्यासपीठावरील आडमच तेवढे सांपडतील.